‘यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ : गिऱ्हाइकानं कौतुक केलं की तक्रार? (आणि आपल्याकडचे सौदे)

मीनल_वडगाव

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी ऑर्डरींचा पत्रव्यवहार बघते. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाशी पंपाच्या कास्टिंगचा दर ठरवायचं चाललं होतं. त्यांनी सांगितलेल्या दरात आमचं भागत नव्हतं. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव, विजेचं बिल, शिवाय मशिनिंग करताना आत पोकळी निघाली की तो तुकडा आमच्याच अंगावर. मी किलोमागे सगळा हिशोब मांडून पाठवला, दरावरून हलले नाही आणि पॅटर्नचा, म्हणजे साचा करायच्या नमुन्याचा, खर्च वेगळा मागितला.

काल उत्तर आलं. पहिलंच वाक्य : ‘यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन.’ पुढे दर मान्य, पॅटर्नचा अर्धा खर्च मान्य, फक्त पैसे ६० ऐवजी ९० दिवसांनी देणार म्हणतात. आमचे मालक म्हणाले, “अगं, दुखावलंस की त्यांना!” मला तसं वाटत नाही, पण खात्रीही नाही. हे वाक्य कोण, कुणाला, कधी म्हणतं? उत्तरात काय लिहू? आणि ९० दिवस मान्य करावेत का?

निवृत्त_गुरुजी_निपाणी

मीनल, कुणी दुखावलेलं नाही. समोरच्याला तोंडावर हे वाक्य म्हणतात ते बहुधा त्याचं म्हणणं मान्य करताना. “तू काही कमी करणार नाहीस, बरं, घे तुझ्या मनासारखं” असा त्याचा सूर. थोडी कुरकुर असते, पण आदर जास्त असतो. तेच तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना सूर बदलतो. “ती फार हार्ड बार्गेन ड्राइव्ह करते” असं पाठीमागे म्हटलं तर नुसती माहितीही असेल, सावधगिरीचा इशाराही असेल. स्वतःबद्दल शक्यतो वापरू नये, बढाई वाटते.

यातल्या ‘ड्राइव्ह’चा गाडीशी संबंध नाही. सौदा नेटानं रेटत शेवटाला नेणं, हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ. इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून आहे, मोटारी फार नंतर आल्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेव. ‘यू आर प्लेइंग हार्डबॉल’ असं लिहिलं असतं तर मी म्हणालो असतो, जरा सांभाळ. तो शब्दप्रयोग बेसबॉलमधून आला. त्यात दबाव, अडवणूक, वेळ पडली तर धमकी, सगळं येतं. हार्ड बार्गेनमध्ये माणूस ठाम असतो, पण नियमात असतो.

उत्तर साधं लिही. दर मान्य केल्याबद्दल आभार, एवढ्या दरात माल चांगलाच मिळेल याची हमी, आणि लगेच मुदतीवर ये. पहिल्या वाक्यात तुझा मान ठेवलाय आणि तिसऱ्या वाक्यात महिनाभराचं व्याज काढून घेतलंय. तुला झुंजायचं आहे ते तिसऱ्या वाक्याशी.

हिशेबनीस_टिळकवाडी

गुरुजींनी बरोबर जागी बोट ठेवलं. मीनलताई, दिवसांचे रुपये करा, म्हणजे मालकांना लगेच कळेल. तुमचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं खेळतं कर्ज, १२ टक्क्यांनी असेल असं धरू. १० लाखांच्या बिलावर ३० दिवस जास्त म्हणजे साधारण ९,८६० रुपये. म्हणजे दर जवळजवळ एक टक्क्यानं उतरवला, फक्त दराच्या रकान्यात तो दिसत नाही. त्यांना हेच लिहा : ६० दिवसांना हा दर, ९० दिवसांना एक टक्का जास्त, काय हवं ते निवडा. नाही म्हणायची गरजच नाही.

दुसरं. मेल पाठवायच्या आधी मालकांना एकच विचारा. ही ऑर्डर गेली तर भट्टी कशावर चालवायची? उत्तर तयार असेल तर ठाम राहा. नसेल तर ७५ वर या. रॉजर फिशर आणि विल्यम युरी या हार्वर्डच्या दोघांनी १९८१ मध्ये याला ‘बाटना’ असं आद्याक्षरी नाव दिलं. सौदा फिसकटला तर आपल्या हातात उरणारी सगळ्यात चांगली वाट, असा त्याचा अर्थ. टेबलावर कोण किती गोड बोलतो याला त्यापुढे फार किंमत नाही.

दावणवाला_संकेश्वर

नाव काही द्या, हे जनावराच्या बाजारात रोज चालतंय बघा. आमच्या घरात तीन पिढ्या बैलांचा नाद. पोरांना सांगतो तसं सांगतो.

बैल बघायला आलेला माणूस आधी भाव विचारत नाही. तोंड उघडून दात बघून वय काढतो : आदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे, का जुळलाय. मग मागं जाऊन चाल बघतो, खांद्यावरनं हात फिरवतो, शेपटी ओढून बघतो. निम्मा सौदा तिथंच होतोय. ज्याला जनावर कळतंय त्याला भाव पाडता येतोय, बाकीच्यांचा नुसता आवाज.

मग हेडी, म्हणजे दलाल, मधे येतो. पूर्वी रुमाल टाकायचे हातावर, आताही जुनी माणसं टाकतात. रुमालाखाली दोघांचे हात. हजार का शेकडा ते तोंडानं बोलायचं, आकडा बोटानं. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसं उभी असली तरी काय मागितलं आणि काय दिलं ते त्या दोघांनाच ठाऊक. वर तोंडं मात्र दगडासारखी. बोट सोडलं म्हणजे नाही, हात गच्च दाबला म्हणजे झालं. मग इसार द्यायचा. इसार घेतल्यावर दुसरा कुणी दोन हजार जास्त देतो म्हणाला तरी दावं फिरवायचं नाही. इसार घेऊन फिरला तो बाजारातनं उठला, त्याच्याकडं पुन्हा कोण बघत नाही.

आमचे आजोबा खोड आधी सांगायचे. मारका असला तर मारका, बसकट असला तर बसकट. आणि मग भावात एक रुपया सोडायचे नाहीत. घासाघीस भावाची करायची, गुणाची नाही.

अनगोळकर

दावणवाले काका, सुंदर लिहिलंत. पण याच रुमालानं शेतकऱ्याचं नुकसानही केलं आहे. जनावराच्या बाजारात मालकाचा हात रुमालाखाली असतो, तो स्वतः सौद्यात असतो. धान्याच्या, भाजीच्या अडतीत मात्र रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार यांचे हात, आणि शेतकरी बाहेर उभा. कुणी किती बोली लावली, त्याला कळायचं नाही. हिशेबाची पट्टी हातात पडेल तेव्हा भाव समजायचा. म्हणून तर बाजार समितीच्या कायद्यानं उघडा लिलाव आणला. कर्नाटकाचा कायदा १९६६ चा, महाराष्ट्राचा १९६३ चा. अंमलबजावणीबद्दल भांडू शकतो, पण भाव सगळ्यांना ऐकू येईल असा पुकारावा ही गोष्ट शेतकऱ्याच्या फार मोठ्या कामाची आहे.

दावणवाला_संकेश्वर

खरं आहे तुमचं. ज्याचा माल त्याचा हात आत पाहिजेच.

माळावरचा_उचगाव

हात आत असूनही उपयोग नाही कधी कधी. मी रताळी करतो, आमच्या भागात आणि पलीकडं चंदगडात सगळेच करतात. काढणी झाली, धुतली, पोती भरली, टेम्पोचं भाडं दिलं आणि बाजारात उभं राहिलो की माझं बोलणं संपलं. त्या दिवशी आवक वाढलेली असेल तर दर पडलेला. माल परत न्यायचा म्हणजे दुसरं भाडं, दुसरी हमाली, आणि धुतलेलं रताळं टिकत नाही. समोरच्याला हे पक्कं माहीत असतंय. तो घाई करत नाही, चहा पिऊन येतो म्हणतो. त्याला थांबायला काही लागत नाही, मला प्रत्येक तास लागतोय.

त्यात पेरणीच्या वेळी ज्याच्याकडनं उचल घेतली त्याच्याच अडतीवर माल न्यायचा, म्हणजे दुसरीकडं विचारायची पण सोय नाही. मग कडता म्हणून पोत्यामागं वजन कापणार, हमाली, तोलाई. इथं कसला हार्ड बार्गेन करायचा माणसानं?

आम्ही काही जणांनी एवढंच केलं आहे. एकदम सगळं रान काढायचं नाही. रताळं जमिनीत थोडे दिवस राहतंय, सोंड्या लागायची भीती असते म्हणून फार नाही, पण आठवडाभर तरी हलवता येतंय. आदल्या संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी फोन करून आवक विचारायची आणि मगच वेल कापायचे. आणि उचल निदान सगळी एकाकडनं घ्यायची नाही, सोसायटीतनं निम्मी तरी. दर फार वाढला असं नाही. पण “उद्या आणतो” म्हणायची सोय झाली, आणि ती सोय झाल्यावर समोरचा माणूस बोलायला लागला.

शहापूर_माग

उचगावच्या दादांचं वाचून आमचंच वाचल्यासारखं झालं. मागावर सूत व्यापाऱ्याचं, नमुना व्यापाऱ्याचा, आमची साडीमागं मजुरी. मंदीच्या दिवसांत ‘माल पडून आहे’ एवढं म्हटलं की पुढं बोलणं नाही. लग्नसराईच्या तोंडावर मात्र आम्हीही मजुरी वाढवून मागतो आणि मिळतेसुद्धा. माणसं तीच, साडी तीच. फरक पडतो तो कुणाला घाई आहे याचा.

लेक_निपाणीची

माझी आई विड्या वळायची. पान आणि तंबाखू मोजून मिळायचा, हजार विड्यांवर मजुरी. संध्याकाळी जमा करायला गेलं की तपासणारा मूठ-मूठ विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. छाटाची मजुरी नाही, आणि छाट परतही नाही. ती विडी कुठं जायची ते बायकांना ठाऊक होतं. एकटीनं तोंड उघडलं तर दुसऱ्या दिवशी तिला पान कमी. या बायका बोलायला लागल्या त्या संघटना झाल्यावर, प्रा. सुभाष जोशींच्या मागं हजारोंनी उभ्या राहिल्यावर.

तंबाखू पिकवणाऱ्यांचंही तसंच. व्यापारी वखारीत येऊन भाव सांगायचा, माल उचलायचा आणि पैसे देताना माती निघाली, ओल निघाली म्हणून कापायचा. हिशेबनीस दादांनी १९८१ सालचा उल्लेख केला. त्याच सालच्या १४ मार्चला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाले शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. बायका-मुलांसकट तिथंच चुली मांडल्या, त्या जागेला आंदोलननगर म्हणायला लागले. ६ एप्रिलला पोलिसांनी उठवलं, गोळीबारात १२ शेतकरी गेले. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून हे सांगताना आवाज खाली घेतात.

मला एवढंच म्हणायचं आहे. भाव मागणाऱ्याला थांबायची ताकद एकट्यानं येत नसेल तर ती अशी मिळून आणावी लागते, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

माळावरचा_उचगाव

ताई, हात जोडतो.

परवाचं उसाचं पण असंच झालं की. २०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले होते. मागणी टनाला ३,५०० ची. शेवटी ११.२५ टक्के साखर उताऱ्याला, तोडणी-वाहतूक सोडून, ३,३०० वर मिटलं. कारखान्यांनी ५० वाढवले, सरकारनं ५० घातले. माझ्या मते तो चांगला सौदा झाला. मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण हंगाम सुरू व्हायच्या तोंडाला बसले हे महत्त्वाचं. गाळप निम्मं झाल्यावर बसले असते तर कुणी विचारलं नसतं, कारण तोवर ऊस तुटून गेलेला.

हिशेबनीस_टिळकवाडी

आकडे वाचताना एक गोष्ट बघा, बरेच लोक गोंधळतात. केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, आणि ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये जास्त. पण यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणून हातात पडणारा ३,३०० आणि कागदावरचा ३,५५० यांची थेट तुलना करू नका.

आणि उसवाल्यांकडे एक हत्यार आहे जे रताळीवाल्यांकडे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याज मागून घेणारे थोडेच. मागा. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

प्रिया_खडेबाजार

एक विचारू का? गणपत गल्लीत कंग्राळी, कडोलीकडच्या बायका भाजी घेऊन बसतात. मेथीच्या पेंडीला वीस म्हणाल्या की आमच्या सासूबाई पंधराला मागणारच. मला फार वाईट वाटतं. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्यानं घेतो आणि इथं पाच रुपयांसाठी वाद. हे योग्य आहे का?

माळावरचा_उचगाव

वहिनी, आमच्या घरातलीच एक बाजाराला बसते. सकाळी घासाघीस केली तर तिला काही वाटत नाही, ती पाच धरूनच सांगते. चार शब्द बोलणं होतं, गिऱ्हाईक लक्षात राहतं. वाईट वाटतं ते दिवेलागणीला. शेवटची बस गाठायची असते, पेंड्या उरलेल्या असतात, तेव्हा मुद्दाम येऊन निम्म्या भावानं मागणारे असतात. तसं करू नका. सासूबाईंना सकाळी जाऊ द्या, खुशाल भांडू द्या.

बैलहोंगल_जावई

भाषेचं कुणी बोललं नाही. सासुरवाडीकडं, गोकाक-बैलहोंगलच्या बाजारात आपण मराठीत भाव विचारतो. दुकानदार आपल्याशी मराठीतच बोलतो, पण आतल्या माणसाशी खरा आकडा कन्नडमध्ये बोलतो. ऐनूरु म्हणजे पाचशे आणि नानूरु म्हणजे चारशे, एवढं कळलं तरी आपल्याला तळ समजतो. “एष्ट्री?” आणि “स्वल्प कम्मी माड्री” एवढं नीट बोलता आलं तर समोरचा हसून पहिल्यांदाच थोडं उतरवतो. आमच्या सासऱ्यांचा शब्द असा की बाजारात माणसानं ज्याच्या भाषेत पैसे द्यायचे त्याच्या भाषेत राम राम तरी करावा. बेळगावातली जुनी व्यापारी घरं दोन्ही भाषांत सौदा करतात आणि वही तिसऱ्याच लिपीत लिहितात.

मीनल_वडगाव

सगळ्यांचे आभार. मेल पाठवली. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात, हिशेबनीस काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन पर्याय. आज उत्तर आलं. त्यांनी ६० दिवस घेतले, दर तोच ठेवला. त्या बदल्यात पहिल्या लॉटची तपासणी त्यांच्या माणसासमोर हवी म्हणतात. मालकांनी लगेच होकार दिला, कारण पोकळी आमच्याकडेच दिसलेली बरी, तिकडे पोचल्यावर नाही.

पण निपाणीच्या ताईंचं वाचल्यापासून डोक्यात वेगळंच चालू आहे. परदेशी गिऱ्हाईक ६० दिवस म्हणून ६० व्या दिवशी देतं. आमचं एक पुण्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. दर वाढवून देतं, ऑर्डर देतं, पण पैसे चार-चार महिने नाहीत. मागितले की पुढची ऑर्डर थांबते. तिथं मी ठाम राहूच शकत नाही, त्यांच्या ऑर्डरीवर आमची निम्मी भट्टी चालते. तिथं काय करायचं?

हिशेबनीस_टिळकवाडी

ताई, खरा प्रश्न हा आहे आणि त्याचं उत्तर नुसत्या धीरात नाही, कागदात आहे. तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघू असेल तर लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आहे. लेखी करार काहीही असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, दर महिन्याला. परदेशातल्या गिऱ्हाइकाला हे लागू नाही, पुण्याच्याला आहे.

शिवाय आयकरात १ एप्रिल २०२४ पासून एक तरतूद (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये त्यांच्याच अकाउंट्स विभागाला तुमची आठवण येते. तुम्ही जानेवारीतच नम्रपणे पत्र लिहा की आमची उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगाची नोंद) अशी आहे, वर्ग अमुक, आपल्या नोंदीत घ्यावी. त्यात तक्रारीचा एक शब्द नको.

मीनल_वडगाव

उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर नंबर छापलेला नाही. आणि आधी चार महिने गेले त्याचं काय? त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी काही तुकडे नाकारले होते, फोनवर.

हिशेबनीस_टिळकवाडी

नंबर आजपासून बिलावर आणि मालासोबतच्या चलनावर छापा. फोनवरचं नाकारणं धरलं जात नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा मानतो, आणि दिवस तिथून मोजायचे. म्हणून चलनाच्या प्रतीवर त्यांच्या गेटचा शिक्का आणि तारीख असलेली फाइल आधी काढून ठेवा. जुन्या बिलांची तारीखवार यादी करा. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो, तो राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या समितीकडे जातो. पण तो शेवटी. आधी मालकांना म्हणावं, भट्टीतलं त्या गिऱ्हाइकाचं काम निम्म्यावरून एक तृतीयांशावर आणायला किती महिने लागतील ते बसून ठरवा. इंग्लंडची ऑर्डर वाढली तर तेही जमेल.

मीनल_वडगाव

चलनं शोधायला घेतली आहेत. गेटचा शिक्का बहुतेकांवर आहे, काहींवर तारीख पुसट आहे. ती ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवरून जुळवता येईल का?

हिशेबनीस_टिळकवाडी

येईल. ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) नंबरही सोबत जोडा. सोमवारी संध्याकाळी यादी घेऊन या, बसून बघू.